कूलर बंद पडल्यावर

मुलाखतीला वीस गुण असायचे तेव्हा.
आत तीन खुर्च्या, बाहेर माझं स्टूल,
मांडीवर यादी, पायाशी माठ.
जून संपत आलेला, तरी मेडिकल चौकाकडची हवा
भट्टीचं दार उघडल्यासारखी,
आणि खोलीतला कूलर असा घरघरायचा
की आतलं खरंखोटं
माझ्यापर्यंत पोचायचंच नाही.

पोचायचं ते व्हरांड्यातलं.
भिंतीकडे तोंड करून पोरं पाठ म्हणायची,
ओठ हलायचे देवळातल्यासारखे:
गोरगरिबांची सेवा, गोरगरिबांची सेवा,
लहानपणापासूनच,
लहानपणापासूनच.
रामदासपेठेतल्या एकाच क्लासची असावीत,
नमस्कारसुद्धा सगळ्यांचे एका मापाचे.

अकराला लाइट गेली.
कूलर दोन गिरक्या घेऊन थांबला,
वाळ्याच्या ताट्यांतून पाणी तेवढं टपटपत राहिलं,
आणि दार असून नसल्यासारखं झालं.

निनाद घाटोळे सांगत होता, आजोबा गेले.
रात्रीची वेळ, दवाखाना लांब.
"त्या रात्री मी ठरवलं,"
इथे तो थांबला, मोजून,
मनात तीन आकडे होईपर्यंत.
मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला,
तेही ऐकू आलं.

मी जिन्याच्या तोंडाशी पाहिलं.
तिथे सकाळपासून एक म्हातारे बसलेले,
पांढरं धोतर, मांडीवर डबा.
मघाशीच विचारून गेले होते,
"घाटोळेचा नंबर कव्हा लागन जी? माहा नातू हाये."
मीच त्यांना पाणी पाजलं होतं,
दोन गिलास,
गेलेल्या माणसाला.

तोंडात आलेलं मी गिळलं.
कारण पोरगं बाहेर आलं, डबा स्वतःकडे घेतला,
म्हाताऱ्याच्या काखेत हात घातला
आणि प्रत्येक पायरीआधी सांगू लागलं,
"पायरी हाये, आबा. आता अजून एक."
उन्हाच्या बाजूला स्वतः.
असं उतरवायला
क्लासमध्ये शिकवत नसावेत.

मग रेवती नंदनवार, गोळीबार चौक.
ओढणीला पिन, हातात फाइल नाही, पिशवी.
लाइट अजून आली नव्हती.
"डॉक्टर का व्हायचंय?"
ती म्हणाली, "गणित जमत नाही."
आत कोणाची तरी खुर्ची करकरली.
"आणि प्रॅक्टिकलला बेडकाचं हृदय काढलं होतं,
ते बाहेर काढल्यावरही चालू राहिलं.
बाकीच्या मुली निघून गेल्या.
मला भूक लागली होती, तरी बघत राहिले.
थांबेस्तोवर."
"आणि सेवा?"
"करीन बहुतेक. अजून कोणाची केली नाही,
तर आधीच कसं सांगू?
बाबा रात्री खोकतात
तेव्हा मी उशी कानावर घेते."

यानंतर बराच वेळ
माठ पाझरण्याचा आवाज.

बाहेर येऊन तिने पाणी मागितलं.
अर्धा गिलास पिऊन म्हणाली,
"काका, चुकलं काय माझं?"
एकवीस वर्षांच्या नोकरीत
मला त्या खोलीबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं.
म्हटलं, "नाही ना बाप्पा."
खरं म्हणजे
मला ठाऊक नव्हतं.

पाचला टेबल पुसायला आत गेलो.
आकडे आधी पेन्सिलने मांडायचे,
शाई नंतर, असा तिथला रिवाज.
मॅडमच्या जागेसमोर खोडरबराचा चुरा,
राखाडी, चिमूटभर.
कोणाचा आकडा खोडला,
तो वर गेला की खाली,
चुऱ्यावरून काही कळत नाही.
फडक्यात गोळा केला, खिडकीतून झटकला.

तेवढ्यात लाइट आली.
रिकाम्या खोलीत कूलर पुन्हा
मोठ्यानं बोलायला लागला.